जगापासून तुटलेल्या छोट्या बेटावर अडीचशे माणसं एकत्र कशी राहत असतील? इतक्या थोड्यांना स्वतःचा झेंडा, चिन्हं कशाला लागतात?

तुम्ही बेटाचं नाव घेतलेलं नाही, पण प्रश्न वाचताच माझ्या डोळ्यांपुढे ट्रिस्टन द कुन्हा आलं. मी तिथे गेलेले नाही. माझी त्या बेटाशी ओळख झाली ती टपालाच्या तिकिटांमुळे, आणि ती आता चाळीस वर्षांची आहे. माझं माहेर नाशिकरोडचं. वडील, म्हणजे आमचे अण्णा, इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये कामाला होते. देशाची तिकिटं तिथे छापतात, पण तिथला कागदाचा कपटाही घरी येत नसे. माझा संग्रह उभा राहिला तो पत्रांवरची तिकिटं सोडवून आणि ओळखीच्या संग्राहकांशी अदलाबदल करून. अशाच एका अदलाबदलीत या बेटाची चार तिकिटं हाती आली आणि मी त्यात गुंतले ती गुंतलेच.

आधी जागा सांगते. दक्षिण अटलांटिक महासागरात मधोमध एक ज्वालामुखी, शिखर २,०६२ मीटर उंच. त्याच्या पायथ्याशी सपाट जमिनीची एक पट्टी आणि त्या पट्टीवर एकच गाव. माणसांची सगळ्यांत जवळची वस्ती म्हणजे सेंट हेलेना बेट, तेही सुमारे २,४०० किलोमीटरवर. विमानतळ नाही. केपटाउनहून बोटीने आठवडाभर लागतो, आणि समुद्र खवळलेला असला तर बोट पोचूनही माणसं उतरू शकत नाहीत.

आता बटाटा. हसू नका, या बेटाचं समाजजीवन समजून घ्यायचं तर सुरुवात बटाट्यापासूनच करावी लागते. गावापासून तीनेक किलोमीटरवर दगडी बांध घातलेले छोटे छोटे वाफे आहेत. प्रत्येक घराचा आपापला वाफा. वाऱ्यापासून पीक वाचावं म्हणून ते बांध. शेजारी लहान खोपटी आहेत, सुट्टीत माणसं तिथेच मुक्कामाला जातात. पैसा फारसा फिरत नव्हता त्या काळात बटाटा हेच चलन होतं. १९४६ साली बेटाला स्वतःची तिकिटं मिळावीत म्हणून ब्रिटिश सरकारकडे अर्ज गेला, त्यासोबत नमुन्याची तिकिटं छापली होती. एक पेनीच्या नमुन्यावर किंमत दोन प्रकारे लिहिली होती: एक पेनी आणि चार बटाटे. संग्राहक त्याला ‘बटाटा तिकीट’ म्हणतात. मागणी तेव्हा मान्य झाली नाही. पहिली अधिकृत तिकिटं १९५२ साली आली, तीही सेंट हेलेनाच्या तिकिटांवर बेटाचं नाव छापून.

बटाट्याचा वैरी उंदीर. म्हणून वर्षातला एक दिवस उंदरांचा. गावातले गट पडतात, वाफ्यांच्या बांधांतले दगड उपसून उंदीर मारतात, संध्याकाळी शेपट्या मोजल्या जातात. जास्त शेपट्यांना बक्षीस, सगळ्यांत लांब शेपटीलाही बक्षीस. मला या प्रथेचं फार कौतुक वाटतं. ज्या कामाची किळस यावी, त्याचा त्यांनी सण केला आहे.

एकत्र कसे राहतात, याचं उत्तर बरंचसं पायाभरणीतच आहे. नेपोलियन सेंट हेलेनावर कैदेत होता तेव्हा, १८१६ साली, इंग्रजांनी या बेटावर सैन्याची तुकडी ठेवली. पुढच्या वर्षी तुकडी परत गेली, पण विल्यम ग्लास नावाचा एक कॉर्पोरल बायको-मुलांसह मागे राहिला, सोबत दोन गवंडी. त्यांनी १८१७ च्या नोव्हेंबरमध्ये एक करार लिहून काढला. त्यातली मुख्य कलमं अशी की गुरं-ढोरं आणि सामान सगळ्यांचं सारखं, आणि सलोखा राहावा म्हणून कोणी कोणापेक्षा वरचढ मानायचा नाही. तीन पुरुष, एक बाई आणि लेकरं, एवढ्या माणसांनी हे लिहून ठेवलं! जमीन आजही सामाईक आहे, बाहेरच्या माणसाला विकत मिळत नाही. कोणी जास्त गुरं पाळून कुरण खाऊन टाकू नये म्हणून दर घरामागे गुरांची संख्या ठरलेली आहे. पुढे डच, अमेरिकन, इटालियन खलाशी येत गेले, काही तर फुटलेल्या जहाजातून. ग्लास, ग्रीन, स्वेन, हेगन, रॉजर्स, रेपेटो, लावारेलो ही सात आडनावं म्हणजे जवळजवळ सगळं गाव.

पूर्वी घरं फ्लॅक्स नावाच्या वनस्पतीच्या लांब पात्यांनी शाकारलेली असत. कोणाचं छप्पर घालायचं झालं की सगळा गाव हजर, आणि काम झाल्यावर त्या घरी जेवण. मी हे अण्णांना वाचून दाखवलं तेव्हा ते म्हणाले, “अगं, ही तर इर्जिक.” आम्ही मूळचे सिन्नर तालुक्यातले, त्यांच्या लहानपणी नांगरटीला इर्जिक घालत.

आणि एक घंटा आहे. म्हणजे घंटा कसली, गॅसचं रिकामं नळकांडं टांगलेलं आहे, त्याला ‘डाँग’ म्हणतात. पहाटे समुद्र शांत दिसला की ते वाजवतात: आज मासेमारी. मग इतर कामं बाजूला ठेवून होड्या निघतात, कारण असे दिवस मोजकेच मिळतात आणि बेटाचं मुख्य उत्पन्न त्यांवरच आहे. मिळतं काय, तर शेवंड, म्हणजे लॉब्स्टर.

आता झेंड्याकडे येते. बेटाचा झेंडा २००२ सालचा. निळा, कोपऱ्यात ब्रिटिश निशाण, आणि शेजारी बेटाचं बोधचिन्ह. त्यात ढाल धरून उभे आहेत दोन शेवंड. इतर ठिकाणी तिथे सिंह आणि घोडे असतात. ढालीवर अल्बाट्रॉस पक्षी, वर होडी. ती होडी लाकडी सांगाड्यावर कॅनव्हास ताणून केलेली असे, आणि तीत शीड लावून लोक नाइटिंगेल नावाच्या शेजारच्या निर्जन बेटावर अंडी आणि पक्ष्यांची विष्ठा, म्हणजे खत, आणायला जात. खाली ब्रीद: आमची श्रद्धा हेच आमचं बळ.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला या बोधचिन्हातच दिसतं. त्यातली एकही गोष्ट शोभेची नाही. होडी एकट्याने ओढता येत नाही, शेवंडांसाठी डाँग वाजल्यावर सगळ्यांना उठावं लागतं. ज्या वस्तूसाठी सगळ्यांना जमावं लागतं तीच तिथे चिन्ह झाली. नाशिककरांना हे वेगळं सांगायला नको. लग्नानंतर मी पंचवटीत आले. पावसाळ्यात गंगेला, म्हणजे आमच्या गोदावरीला, पूर आला की इथे कोणी फूट आणि मीटर विचारत नाही. नदीच्या पात्रात दुतोंड्या मारुतीची उंच मूर्ती आहे; “दुतोंड्याला पाणी कुठवर आलंय?” एवढंच विचारतात. कमरेला, छातीला, गळ्याला. त्या उत्तरावर काठावरचे दुकानदार सामान हलवतात. म्हणून दुतोंड्या मारुती आमच्या गावाचं चिन्ह, कोणी ठराव करून नेमलेलं नाही.

तिथे सगळं गोड आहे असं मात्र समजू नका. मूळची माणसं इतकी थोडी होती की दम्यासारखा आजार घराघरांत उतरला आहे, तज्ज्ञांनी त्याचा अभ्यासही केला आहे. मोठी शस्त्रक्रिया म्हणजे केपटाउनची बोट गाठणं. तरुण मुलं शिकायला बाहेर जातात, सगळीच परततात असं नाही.

तरी परतण्याचीच गोष्ट मला सर्वांत जास्त हलवून गेली. १९६१ च्या ऑक्टोबरमध्ये गावालगत जमीन फाटली, लाव्हा आला. शेवंडांचा कारखाना आणि होड्या उतरवायचा किनारा गाडला गेला. २६४ माणसं होड्यांतून निघाली, केपटाउनमार्गे इंग्लंडला पोचली. त्यांच्या मदतीसाठी सेंट हेलेनाने तिकिटं काढली, ती आठवड्यातच मागे घेतली गेली. फक्त ४३४ संच विकले गेले, त्यामुळे ती आज संग्राहकांच्या स्वप्नात येतात. इंग्लंडमध्ये बेटवाल्यांना काम, घर, वीज, सगळं मिळालं. १९६२ च्या डिसेंबरमध्ये मतदान झालं: परत जायच्या बाजूने १४८, विरोधात ५. परतल्यावर नवं बंदर बांधलं, त्याला नाव दिलं कॅलशॉट, इंग्लंडमध्ये त्यांना जिथे आसरा मिळाला होता त्या गावाचं.

१९६३ चा पुनर्वसनाचा संच माझ्याकडे आहे. पुन्हा सेंट हेलेनाचीच तिकिटं, वर बेटाचं नाव आणि पुनर्वसनाचं वर्ष छापलेलं. मला वाटलं होतं अण्णा भिंग घेऊन छपाई बघतील, अक्षरं सरळ बसली आहेत का ते सांगतील. त्यांनी बघितलीही. मग भिंग खाली ठेवून विचारलं, “दीड-दोन वर्षं गाव रिकामा होता ना? मग आल्या आल्या खाल्लं काय? बटाटे कोणी लावले?”

मला तेव्हा सांगता आलं नाही. नंतर वाचलं, मतदानाच्याही आधी, १९६२ च्या सप्टेंबरमध्ये, बारा जण पुढे गेले होते. घरं, होड्या दुरुस्त करायला आणि बटाटे लावायला.