आकडा सहाच आहे, पण जिना उतरतात ना?

ताई, तुमचा मेल दोनदा वाचला. सासूबाईंची कंबर दोन वर्षं दुखतेय, पेन क्लिनिकमध्ये, म्हणजे जुन्या दुखण्यांच्या दवाखान्यात, जायला लागून सहा महिने झाले, डॉक्टर दर वेळी शून्य ते दहामध्ये किती दुखतं असं विचारतात, आधी आठ सांगायच्या आता सहा सांगतात, आणि तुमच्या मिस्टरांचं म्हणणं की एवढं करून सहाच तर डॉक्टर बदलू. थांबा जरा. तुम्हीच खाली जाता जाता लिहिलंय की आई हल्ली सकाळी एकट्या जिना उतरून येतात, आधी तुमचा हात धरायला लागायचा. अहो, खरी बातमी तर हीच, ती अशी कोपऱ्यात का टाकलीत?

3 महिन्यांच्या वर चाललेल्या दुखण्याला क्रॉनिक म्हणतात. बऱ्याच जणांच्या बाबतीत यात नसा आणि मेंदूच इतके हळवे होऊन बसतात की मूळ इजा भरली तरी ठणका जात नाही. त्यामुळे शून्यावर येणं हे टार्गेट ठेवलं तर घरातले सगळेच निराश होणार. साधारण 30 टक्के कमी झालं तरी डॉक्टर ते चांगलं मानतात, म्हणजे आठाचं साडेपाच. आई त्याच्या जवळ आल्यातच की.

पेग नावाची छोटी चाचणी आहे, तीनच प्रश्न. गेल्या आठवड्यात सरासरी किती दुखलं, दुखण्याने जगण्यातली मजा किती घालवली, रोजच्या कामात किती आडवं आलं. प्रत्येकाला 0 ते 10 आणि मग सरासरी. महिन्यातून एकदा वहीत लिहून ठेवा, पण उत्तर आईंना देऊ द्या, मुलाने नाही! क्लिनिकमध्ये हेच होतं बघा, आई दोन मिनिटं मराठीत बोलतात, उठताना कळ येते, मांडीतून चमक जाते, पायाला मुंग्या, रात्री तळवे जळजळतात, आणि चिरंजीव भाषांतर करतात, "बॅक पेन, सिक्स." संपलं. मुंग्या, जळजळ, चमक ही नसेच्या दुखण्याची लक्षणं असू शकतात आणि त्याची औषधं वेगळी असतात, म्हणून हे शब्द पोचलेच पाहिजेत. हॉस्पिटलला दुभाषी मिळतो का विचारा, बऱ्याच ठिकाणी मिळतो.

आता एक तुमच्यासाठी, रागावू नका. त्या उठल्या की "बसा बसा, मी करते" म्हणणं बंद करा. प्रेमापोटीच म्हणता, पण त्याने माणूस खुर्चीला चिकटतो, स्नायू आणखी ढिले पडतात. उलट टोकही वाईट. बरं वाटलं त्या दिवशी अख्खं कपाट आवरायचं आणि मग दोन दिवस आडवं पडायचं, हे तर घरोघरी. वीस मिनिटं उभं राहिल्यावर दुखायला लागत असेल तर पंधराव्या मिनिटाला बसायचं, दुखायची वाट बघायची नाही. आठ-दहा दिवस जमलं की दोन मिनिटं वाढवा.

"डिप्रेशनची गोळी दिली, मला काय वेड लागलंय" हे त्यांचं वाक्य वाचून हसू आलं, वाईटही वाटलं. अमिट्रिप्टिलिन, ड्युलोक्सेटिन ही औषधं दुखण्याचे सिग्नल मंद करायलाही देतात, हे डॉक्टरांनाच त्यांना नीट समजावून सांगायला सांगा. मनाने अचानक बंद करू नका, त्रास होतो.

आणि पायातली ताकद अचानक गेली, दोन्ही मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला किंवा लघवीवरचा ताबा सुटला तर अपॉइंटमेंटची वाट न बघता सरळ इमर्जन्सीत जायचं. एरवी मात्र डॉक्टर बदलायच्या आधी पुढच्या भेटीत ती जिन्याची गोष्ट सांगा, आणि आईंनाच सांगू दे.