ओट्यामागच्या भिंतीला काय लावावं: टाइल्स, ग्रॅनाइट की काच?

तुमच्या प्रश्नातलं आधी थोडक्यात मांडते. धुळ्यात घराचं काम काढलंय. ओटा एल आकाराचा, एक बाजू ८ फूट, दुसरी ६. भिंतीवर जुन्या चार इंची टाइल्स आहेत. आईंना पांढरंच हवंय, वहिनी म्हणतात काळा ग्रॅनाइट वरपर्यंत न्या, आणि इंटिरियरवाल्याने काच सुचवलीय.

माझं उत्तर: २ बाय ४ फुटांच्या, गुळगुळीत ग्लेझच्या व्हिट्रिफाइड (पाणी जवळजवळ न पिणाऱ्या) टाइल्स आडव्या लावा आणि सांधे एपॉक्सी ग्राउटने भरा, म्हणजे सिमेंटऐवजी तेल-पाणी न पिणाऱ्या रेझिनच्या मसाल्याने. रंग दुधी किंवा फिकट राखाडी. गॅसमागे वेगळं काही करायची हौस असेल तर तेवढ्याच पट्ट्यात करा.

जळगावला आमचं टाइल्स-ग्रॅनाइटचं दुकान आहे, गल्ल्यावर मी बसते. टाइल्सवाली टाइल्सच सांगणार असं वाटेल, पण ग्रॅनाइटही आम्हीच विकतो आणि त्यात पैसे सुटतात जास्त. शिवाय घरी फोडणी मीच देते, भिंतही मीच पुसते.

गिऱ्हाईक दुकानात टाइलचा चेहरा बघून भुलतं. पुढे रडवतो तो सांधा. ग्लेझ म्हणजे काचेसारखा थर, त्यात तेल-हळद मुरत नाही, ओल्या फडक्याने निघते. सिमेंटचा सांधा मात्र पिणारा असतो. शेवभाजीचं वाटण गरम तेलात पडलं की जे तडतडतं ते बर्नरच्या मागे आणि दोन्ही अंगांना हातभर उडतं. कांदा-खोबऱ्याचं, काळ्या मसाल्याचं ते तेल सांध्यात बसलं की वर्षभरात पांढरी रेघ चहाच्या रंगाची होते. मग बाई तारेची घासणी घेते, त्याने सांधा खरवडतो आणि आणखी पितो.

आता तुमच्याच मापाने हिशोब करा. ८ अधिक ६ म्हणजे १४ फूट लांबी, ओटा ते वरचं कपाट २ फूट, एकूण २८ चौरस फूट. जुन्या पद्धतीच्या ४ इंची टाइल्स घेतल्या तर २५२ तुकडे लागतात. सध्या फॅशनमध्ये असलेल्या ३ बाय ६ इंची घेतल्या तर २२४. १२ बाय १८ च्या आडव्या लावल्या तर २०. आणि २ बाय ४ घेतली तर चार. ८ फुटांच्या भिंतीवर दोन अख्ख्या, ६ फुटांवर एक अख्खी आणि एक अर्धी. कोपरा धरून उभे सांधे फक्त तीन. घासायचं काय राहिलं? ३ बाय ६ च्या टाइल्स फोटोत फार गोड दिसतात, नाही म्हणत नाही. पण ज्या घरात रोज दोन वेळा फोडणी पडते तिथे त्या सव्वादोनशे तुकड्यांची चौकट कोण पुसणार, हे आधी ठरवा. ठरवणारा आणि पुसणारा बहुतेक घरांत वेगवेगळा असतो.

टाइल घेताना व्हिट्रिफाइड आहे की साधी सिरॅमिक, हे विचारा. भिंतीची सिरॅमिक टाइल १० टक्क्यांहून जास्त पाणी शोषते, व्हिट्रिफाइड अर्ध्या टक्क्याच्या आत. वरून दोन्ही सारख्याच दिसतात. मागची बाजू ओल्या बोटाने पुसून बघा, सिरॅमिकवर ओल लगेच जिरते. ओट्यामागे सिरॅमिकही चालते बरं का, बजेट कमी असेल तर बिनधास्त घ्या, ग्लेझ तिच्यावरही असतंच. पण मोठी साइज आणि सरळ कापलेल्या कडा व्हिट्रिफाइडमध्येच नीट मिळतात. खरखरीत मॅट, किंवा वर-खाली उठावाच्या थ्रीडी टाइल्स गॅसमागे नकोत, खोबणीत तेल धरतं. आणि ते कपबशी, द्राक्षं, सफरचंदाचे हायलायटर! दर पाच-सहा टाइल्समागे एक द्राक्षाचा घड. अजूनही मागणारे येतात. लावा, पण दहा वर्षं रोज ती द्राक्षं बघायची तयारी ठेवून.

वहिनींच्या ग्रॅनाइटबद्दल. दगड उत्तम, चटका सोसतो, लिंबू-चिंचेने बिघडत नाही, आणि २ फुटी पट्ट्यांत सांधे जवळपास नसतातच. अडचणी दोन. एक वजन. १८ मिलिमीटर जाडीचा ग्रॅनाइट चौरस फुटाला साधारण साडेचार किलो भरतो, म्हणजे तुमच्या भिंतीवर सव्वाशे किलो. भिंत पक्क्या विटांची आणि गिलावा घट्ट असेल तर काही नाही. जुन्या धुळ्यात मातीच्या जोडणीच्या भिंती आहेत, तशातली असेल तर नकोच. दुसरी अडचण पाण्याची. आपल्याकडे बोअरचं पाणी जड. काळ्या पॉलिशवर सिंकच्या बाजूला उडालेला प्रत्येक थेंब वाळला की पांढरा ठिपका ठेवून जातो. तेल काळ्यावर लपतं, क्षार काळ्यावर उठून दिसतो. म्हणून काळा ग्रॅनाइट हवाच असेल तर गॅसच्या मागे ३ फुटांचा तुकडा लावा आणि सिंकची भिंत फिकट ठेवा. आई आणि वहिनी दोघींचं राहील, हा वरचा फायदा.

काचेचं सांगते, कारण तुम्हाला ते गळ्यात मारलं जायची शक्यता आहे. मागून रंग दिलेली काच दिसायला फार देखणी, एका पुसण्यात चकाचक. ज्यांच्याकडे तळण महिन्यातून एकदा, त्यांनी खुशाल घ्यावी. पण ती टफन केलेलीच (भट्टीत तापवून कणखर केलेली) हवी. टफन काच साध्या काचेच्या चार-पाच पट मजबूत, आणि फुटली तरी तिचे बारीक बोथट दाणे होतात, सुऱ्यासारखे तुकडे नाहीत. मात्र एकदा टफन झाली की ती कापता येत नाही, छिद्र पाडता येत नाही. प्रयत्न केला की अख्खी काच दाण्यांत खाली. म्हणजे प्लगची, पाण्याच्या पाइपाची, चिमणीच्या स्क्रूची सगळी भोकं मापं घेऊन आधी पाडून आणावी लागतात. ओटा बसला, प्लगच्या जागा नक्की झाल्या, त्यानंतरच काचेचं माप. पुढे कधी मिक्सरसाठी एक प्लग वाढवावासा वाटला तर काच नवी. चिकटवायला न्यूट्रल सिलिकॉन लागतं. ज्याला व्हिनेगरसारखा उग्र वास येतो ते साधं सिलिकॉन मागच्या रंगाला खातं. एवढं सगळं जमवून आणणारा कारागीर तुमच्याकडे आहे का, हे इंटिरियरवाल्याला विचारा. त्याच्या उत्तरावरून काय ते कळेल. आणि जड पाण्याचे डाग काचेवर सगळ्यात वाईट दिसतात, हेही सांगून ठेवते.

स्टीलचा पत्रा गॅसमागे झकास, हॉटेलवाले उगाच वापरत नाहीत. ३०४ ग्रेडचा घ्या, ब्रश फिनिशचा. २०२ स्वस्त पडतो पण ओलीत डाग धरतो. पत्र्यामागे सपाट पाटी हवी, नाहीतर हात लागला की ढब्ब वाजतो. ओरखडे पडणारच.

संगमरवर नको. तो चुन्याचा दगड, लिंबाचा थेंब पडला तरी पॉलिश जातं आणि हळद आत मुरते. तसंच कडप्पा आणि कोटा, तेही चुनखडीचेच. पीव्हीसीच्या शीट, ॲक्रिलिक, एसीपी (दोन्ही बाजूंना ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा असलेली शीट), चिकटवायचे स्टिकर, यांतलं काहीही बर्नरमागे लावू नका. साध्या एसीपीच्या पोटात प्लॅस्टिकच असतं, ते पेटतं. भाड्याचं घर असेल आणि सिंकच्या बाजूला स्टिकर लावलं तर भाग वेगळा.

हिवाळ्यात बामणोदची वांगी आली की आपण भरीत करणार. काड्यांवर भाजणारे आता थोडे, बाकी सगळे थेट बर्नरवर. वांग्याचं पाणी उडतं, साल जळून काजळी उडते, आणि ती कपाटाच्या खाली, चिमणीच्या अंगाला जाऊन बसते. चिमणीच्या मागे कपाट नसतं, तिथे भिंत २ फुटांहून जास्त उघडी राहते. बरेच जण तिथेही २ फुटांवरच टाइल थांबवतात आणि वर ऑइलपेंट पिवळा पडत जातो. तेवढ्या रुंदीत टाइल चिमणीच्या वरपर्यंत न्या. एखादी टाइल जास्त लागेल, लागू द्या.

आता मिस्त्री. चांगला माल वाईट हाताने लागतो तेव्हा दोष मालाला मिळतो. व्हिट्रिफाइड टाइल पाणी पीत नाही, त्यामुळे ती सिमेंटच्या रबडीवर धरत नाही. टाइल ॲडहेसिव्हच हवं, पिशवीवर आयएस १५४७७ (ॲडहेसिव्हच्या भारतीय मानकाचा नंबर) लिहिलेलं बघा. मिस्त्री म्हणेल, “काही व्हत नही ताई, मी सिमेंटवरच लावतो.” तो लावेल. दोन उन्हाळे गेले की टाइल पोकळ वाजायला लागते. ॲडहेसिव्ह दातेरी करणीने भिंतीभर ओढायला लावा. पाच जागी पाच गोळे ठेवून टाइल दाबली तर मधल्या पोकळीत झुरळांची वसाहत होते, आणि तिथे हुक लावायला ड्रिल घातलं की टाइल तडकते. दोन टाइल्समध्ये २ मिलिमीटरचे स्पेसर ठेवा. सांधा दिसू नये म्हणून अंगाला अंग भिडवून लावायचा आग्रह बरेच मिस्त्री करतात, पण मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या आसपास खेळतो. पश्चिमेची भिंत तापून फुगते, आणि टाइलला सरकायला जागा नसली की ती उठते.

त्याच कारणाने एप्रिल-मेमध्ये हे काम काढू नका. भिंतीवर ओढलेलं ॲडहेसिव्ह टाइल लावण्याआधीच वरून सुकतं, त्यावर साय धरते आणि पकड येत नाही. घाईच असेल तर सकाळी लवकर, आणि एका वेळी एकाच टाइलपुरतं ओढायचं.

एपॉक्सी ग्राउट भरल्यावर जादा माल लगेच, ओला असतानाच पुसून घ्यायचा. वाळल्यावर टाइलवर चिकट झिलई राहते, ती सहजासहजी जात नाही. मिस्त्री जेवायला जायच्या आत हे झालं पाहिजे, तिथे उभ्या राहा म्हणावं वहिनींना. पांढऱ्याशुभ्र एपॉक्सीवरही हळदीची पिवळी छटा राहू शकते. फिकट राखाडी सांधा घेतला तर लक्षातही येत नाही. खिडकीजवळच्या हळदीच्या डागाला उन्हात सोडा, उन्हाने हळद उडते, आणि ऊन आपल्याला विकत आणावं लागत नाही.

ओटा आणि भिंत जिथे मिळतात तो कोपरा व्हाइट सिमेंटने भरू देऊ नका. ओटा आणि भिंत वेगवेगळे हलतात, सिमेंटला केसासारखी चीर जाते आणि सिंकचं पाणी तिथून कपाटात उतरतं. तिथे सिलिकॉन.

काम झाल्यावर मिस्त्री भिंत ॲसिडने धुऊन देतो म्हणेल. नको म्हणा. त्याच्या वाफेने स्टीलचं सिंक आणि नळ गंजतात, आणि सिमेंटचा सांधा असेल तर तोही खातं. रोजच्या तेलाला कोमट पाणी आणि भांड्याचा साबण पुरतो. क्षाराच्या ठिपक्यांना टाइलवर पातळ व्हिनेगर फडक्याने लावा आणि लगेच पाण्याने पुसा.

आपल्याकडचा बहुतेक माल मोरबीहून सुरत-धुळे रस्त्यानेच येतो, तेव्हा धुळ्यात निवड कमी मिळेल ही भीती नको. पेटीवरचा बॅच आणि शेड नंबर सगळ्यांचा एकच आहे ना बघा. त्याच डिझाइनची पेटी महिन्याने आणली तर रंगात किंचित फरक निघतो, आणि भिंतीवर तो किंचित राहत नाही. दोन टाइल्स जास्तीच्या घेऊन पोटमाळ्यावर उभ्या ठेवा.

नमुन्याची टाइल घरी मागून घ्या, कुठलाही दुकानदार देतो. तेलात कालवलेली हळद-तिखट तिच्यावर रात्रभर ठेवा, सकाळी पुसा. आईंना दाखवा. पांढऱ्या टाइलला त्यांचा होकार त्यावरच येईल किंवा जाईल.

राहिल्या जुन्या टाइल्स. फोडायच्या की त्यांच्यावरच लावायच्या, हे नाणं घेऊन ठोकून ठरवा. सगळ्या भरीव वाजल्या, भिंत ओळंब्यात असली आणि प्लगचे बोर्ड थोडे पुढे घ्यायची तयारी असली, तर वरूनच लावा. जुन्या टाइल्सवर छिन्नीचे टाके मारून, तेल काढून, आणि टाइलवर टाइल लावायचं खास ॲडहेसिव्ह मागून घेऊन. टाइल्स फोडण्याची, राबिट वाहून नेण्याची मजुरी वाचते. चार-पाच जागी जरी पोकळ आवाज आला तरी सगळ्या फोडा आणि गिलावा नव्याने करून घ्या. सिंकच्या बाजूपासून ठोकायला सुरुवात करा, पोकळी बहुतेक तिथेच सापडते.