नागपूरहून जानेवारीत कॅनडातल्या विनिपेगला निघताना बर्फावर न घसरणारे, गरम आणि वॉटरप्रूफ बूट कसे निवडावेत?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: जानेवारीत शिकायला विनिपेगला जायचंय, बुलडीवर (सीताबर्डी बाजारात) १,८०० रुपयांत आतून फर लावलेले 'स्नो बूट' पाहिलेत, बॅगेचं वजन मोजकं आहे, तर बूट इथून घ्यावेत की तिथे गेल्यावर?

माझं मत: मुख्य बूट तिथे घ्या. मोजे इथून न्या, पायाचं माप इथे नीट काढा आणि विमानतळापासून दुकानापर्यंतची सोय इथून करून निघा. बुलडीवरचे ते बूट मात्र सोडा. किंमत कमी आहे म्हणून नव्हे. बूट गरम ठेवणं, पाणी अडवणं आणि बर्फावर धरून राहणं ही तीन कामं बुटाचे तीन वेगळे भाग करतात. फर त्यातलं जेमतेम एक करते, पण हाताला लागते तीच, म्हणून दुकानात तीच दाखवतात.

आधी पकड, कारण सगळ्यात जास्त फसवणूक तिथे होते. बर्फ वितळायच्या बेतात असतो तेव्हा सगळ्यात निसरडा असतो. शून्य अंशाच्या आसपास त्याच्यावर पाण्याचा पातळ थर असतो. उणे वीसला तोच बर्फ बराच कोरडा होतो आणि पाय त्यावर जास्त टिकतो. विनिपेगचं जानेवारीचं सरासरी तापमान उणे १६ च्या आसपास असतं, रात्री सरासरी उणे २१. म्हणजे तुमचे पहिले काही आठवडे थंडी भयंकर असेल, पण घसरण्याचा खरा मोसम मार्च-एप्रिलमध्ये येईल. दिवसा वितळलेलं पाणी रात्री फुटपाथवर काचेसारखं गोठतं आणि सकाळी त्यावर भुरभुर बर्फ पडला की ते दिसतही नाही. जानेवारीत चालून पाहिलं आणि बूट चांगले वाटले, तर निकाल तेवढ्यावर लावू नका.

दुसरी गोष्ट रबराची. थंडीत सोल कडक होतो. पीव्हीसीचा सोल, म्हणजे स्वस्त गमबूट आणि बहुतेक स्वस्त फरवाले बूट, उणे पंधराला प्लास्टिकच्या पाटासारखा होतो. कडक सोल बर्फाच्या बारीक उंचसखलपणात दबत नाही, वरच्यावर सरकतो. मऊ रबर थंडीतही दबतं, म्हणून धरतं. हे घरी तपासता येतं. बूट प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा (तिथे साधारण उणे १८ असतं) आणि सकाळी काढल्याकाढल्या सोलवर नख दाबा, बूट चवड्यापाशी वाकवून पाहा. नख थोडं रुतलं आणि बूट वाकला तर ठीक. टकटक आवाज आला तर तो बूट बर्फासाठी नाही. इथून कुठलाही बूट नेणार असाल तर निघण्याआधी ही परीक्षा घ्याच.

खोल नक्षीचा सोल म्हणजे चांगली पकड, हा समज अर्धाच खरा. भुसभुशीत ताज्या बर्फात खोल दाते रुततात, तिथे पाच-सहा मिलिमीटर खोली हवीच. दात्यांमधली जागाही मोकळी हवी, नाहीतर बर्फ तिथे ठासून बसतो आणि सोल सपाट होऊन जातो. पण गोठलेल्या कठीण बर्फात रुतायला काही नसतं. तिथे सोलचा जास्तीत जास्त भाग बर्फाला टेकला पाहिजे. म्हणून दाते रुंद, माथ्यावर सपाट आणि त्यांच्यावर बारीक चिरा असलेले पाहा. काही सोलमध्ये रबरात काचतंतू किंवा खरखरीत कण मिसळलेले असतात. हात फिरवला तर पॉलिश पेपरसारखे लागतात. ओल्या बर्फावर यांचा फायदा खरा आहे, पण झिजल्यावर तो जातो. व्हिब्रम कंपनीचा 'आर्क्टिक ग्रिप' ओल्या बर्फासाठीच बनवलेला आहे, मात्र तो मोजक्याच बुटांना असतो.

टोरंटोच्या काइट संशोधन संस्थेने यावर फार उपयोगी काम केलंय. त्यांच्या प्रयोगशाळेत बर्फाची जमीन हळूहळू तिरकी करतात आणि माणसं त्यावर चालून किती अंशाला पाय सुटतो ते मोजतात, कोरड्या आणि ओल्या दोन्ही बर्फावर. निदान ७ अंशांपर्यंत टिकला तर बुटाला एक हिमकण मिळतो, जास्त टिकला तर दोन किंवा तीन. २०१६ साली पहिल्यांदा निकाल जाहीर केले तेव्हा ९८ बुटांपैकी दहासुद्धा पास झाले नव्हते, आणि त्यात महागडे बूटही होते. 'रेट माय ट्रेड्स' (Rate My Treads) या नावाने त्यांचे निकाल फुकट पाहता येतात. दुकानात जाण्याआधी तीन-चार मॉडेल तिथूनच निवडा. ब्रँडचं नाव पाहून समाधान मानू नका, एकाच कंपनीच्या दोन बुटांचे सोल वेगळे असतात.

नागपुरात आणखी एक सल्ला हमखास मिळतो: "हिंगणा एमआयडीसीतले सेफ्टी शूज घेऊन जा, घसरत नाहीत." त्यांच्यावरचा 'एसआरसी' शिक्का साबणाच्या पाण्याने ओल्या टाइलवर आणि ग्लिसरीन लावलेल्या स्टीलवर घेतलेल्या चाचणीचा असतो. बर्फाशी त्याचा संबंध नाही. अशा बुटांवर 'सीआय' लिहिलेलं असेल तर त्याला थोडा अर्थ आहे: उणे १७ अंशांत ३० मिनिटं ठेवल्यावर आतलं तळाचं तापमान १० अंशांपेक्षा जास्त उतरत नाही. पण ती थंडीची चाचणी झाली, पकडीची नाही.

आणि अगदी ओल्या, गुळगुळीत बर्फावर कुठलाच रबरी सोल पुरत नाही. त्यासाठी बुटावर चढवायचे खिळेवाले रबरी पट्टे मिळतात. शहरात चालायला टंगस्टन कार्बाइडचे छोटे खिळे असलेले पुरेत, गिर्यारोहणाचे लांब दातेवाले नकोत. दाराशी पोचलात की ते काढायचे, कारण टाइल आणि ग्रॅनाइटवर तेच खिळे बर्फाहून जास्त घसरवतात. विमानात ते चेक-इन सामानात टाका.

आता थंडी. पाय सगळ्यात जास्त गार पडतो तो खालून, गोठलेल्या जमिनीतून. बुटावर '४०० ग्रॅम' वगैरे लिहिलेलं असतं ते अस्तराचं दर चौरस मीटरचं वजन, आणि बहुधा वरच्या भागाचं. तळव्याखाली अस्तर कमी असतं आणि अंगाच्या भाराने दबतंही. ढोबळ हिशेब असा: २०० ग्रॅम उणे दहापर्यंत चालत्या माणसाला, ४०० ग्रॅम उणे विसाच्या आसपास, तेही चालत असाल तर. बस थांब्यावर पंधरा मिनिटं उभं राहायचं असेल तर ६०० ते ८०० ग्रॅम, किंवा त्याहून बरं म्हणजे आतून सुटं निघणारं जाड लोकरी फेल्टचं (दाबून घट्ट केलेल्या लोकरीचं) अस्तर. '-४०' असा जो टॅग असतो तो कंपनीच्या स्वतःच्या हिशेबाचा असतो. मी '-४०' ला डोळे मिटून उणे पंचवीस-तीसच समजतो. विनिपेगसाठी '-२०' लिहिलेला बूट घेऊ नका.

सुट्या अस्तराच्या बाजूने मी आहे त्याचं कारण घाम. दिवसभरात पायाचा घाम अस्तरात मुरतो आणि दुसऱ्या दिवशी तोच ओलावा पाय गारठवतो. सुटं अस्तर रात्री काढून ठेवलं की सकाळी कोरडं. खाली रबराचं कवच, वर चामडं आणि आत फेल्ट अशा बुटांना तिकडे पॅक बूट म्हणतात. सोरेल, बाफिन, कामिक यांचे असे बूट सगळीकडे दिसतात. जोडी जड असते, सहज दोन किलोच्या पुढे जाते, आणि इथून न नेण्याचं तेही एक कारण आहे.

पाण्याचं थोडक्यात. 'वॉटर रेझिस्टंट' म्हणजे शिंतोडे सहन करणारा, वॉटरप्रूफ नव्हे. बुटाची जीभ दोन्ही बाजूंनी बरीच वरपर्यंत शिवून जोडलेली आहे का पाहा. सुटी असेल तर पाणी तिथूनच आत येतं. साइड चेनचे बूट घालायला सोपे, पण चेन गळते आणि टाचही लेसइतकी बांधली जात नाही. उंची घोट्याच्या निदान एक वीत वर हवी. घरी आणल्यावर, बिल जपून, टबात पाच-सहा सेंटीमीटर पाणी घ्या, बुटात कोरडा टिश्यू पेपर ठेवा, पाय घालून दहा मिनिटं उभे राहा. टिश्यू ओला झाला तर परत करा.

गोरेटेक्ससारखा पडदा (पाणी अडवणारा, पण घामाची वाफ बाहेर सोडणारा पातळ थर) असलेले बूट हलके आणि चांगले असतात, पण माझ्या मते ते टोरंटोसारख्या शहरांत जास्त शोभतात. तिथे शून्याच्या आसपास सगळा चिखल-बर्फ असतो. उणे विसात बर्फ कोरडा असतो, तेव्हा पाणी अडवण्यापेक्षा फेल्ट जास्त कामाचं.

माप. इथेच सगळ्यात जास्त लोक गारठतात. बूट घट्ट असेल तर रक्त नीट पोचत नाही आणि अस्तरातली हवाही दबते. मग ८०० ग्रॅम असो की हजार, बोटं बधिर होणारच. संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, जाड लोकरी मोजा घालून भिंतीला टाच लावून कागदावर उभे राहा आणि टाचेपासून सगळ्यात लांब बोटापर्यंत मिलिमीटरमध्ये माप घ्या. दोन्ही पायांचं घ्या, मोठं धरा. बुटातलं इनसोल (आतला सुटा तळ) काढून त्यावर उभं राहिलं की बोटापुढे १२ ते १५ मिलिमीटर जागा उरली पाहिजे. आपल्याकडचे आकडे ब्रिटिश असतात, तिकडचे अमेरिकन. पुरुषांचा इथला ८ म्हणजे तिथला ९, बायकांचा इथला ५ म्हणजे तिथला ७. फेल्टवाले बूट बहुतेक पूर्ण नंबरातच येतात, अर्धा नंबर असेल तर वरचा घ्या. चालताना टाच किंचित उचलली तर चालेल. सतत निसटत असेल तर नाही.

मोजा एकच, जाड आणि लोकरीचा. दोन मोजे कोंबले की पुन्हा तीच घट्टपणाची गोष्ट. सुती मोजे घाम धरून ठेवतात, ते नकोतच. हिवाळ्यात तिबेटी स्वेटरवाल्यांकडे मिळणारे जाड मोजे घेताना लेबल वाचा, पुष्कळदा ते अ‍ॅक्रिलिकचे असतात. साठ-सत्तर टक्के मेरिनो लोकर असलेले चार जोड डेकॅथलॉनच्या ट्रेकिंग विभागातून घ्या, तेवढे पुरतात.

कुणी नातेवाईक म्हणतील, "आमच्याकडे चांगले ट्रेकिंग बूट पडलेत, घेऊन जा." माळ्यावर पाच-सहा उन्हाळे काढलेले असतील तर सावध. सोलमधला पॉलियुरेथेनचा (फोमसारख्या प्लास्टिकचा) थर उष्णता आणि पावसाळ्याची दमट हवा यांनी आतून सडतो. वापर नसला तरी सडतो. बाहेरून बूट नवाच दिसतो आणि दहा मिनिटं चालल्यावर सोल भुगा होऊन गळून पडतो. टाचेजवळच्या थरात बोट दाबा आणि बूट जोरात वाकवा. भेगा पडल्या किंवा चिकट पूड निघाली तर ठेवून द्या. मोच्याकडून चिकटवून उपयोग नाही, थरच गेलेला असतो.

पहिल्या दोन दिवसांसाठी घोटा झाकणारे वॉटरप्रूफ ट्रेकिंग शूज, नेहमीपेक्षा एक नंबर मोठे, लोकरी मोज्यावर. विमानतळावरून गाडीने खोलीवर, आणि दुसऱ्या दिवशी दुकान. बूट घेणं लांबवू नका. जानेवारी सरत आला की हिवाळी माल सेलमध्ये निघतो आणि मधले नंबर आधी संपतात. बऱ्या जोडीला १५० ते २५० कॅनेडियन डॉलर धरून ठेवा. एवढ्यात तीन-चार हिवाळे निघायला हरकत नाही.

देखभालीत दोनच गोष्टी सांभाळा. बूट हीटरवर किंवा ड्रायरने वाळवू नका. डिंक सुटतो, चामडं तडकतं. अस्तर बाहेर, आत वर्तमानपत्राचे बोळे, आणि खोलीच्या हवेत रात्रभर. दुसरी मिठाची. विनिपेगच्या कडक थंडीत रस्त्यावर मीठ फारसं काम करत नाही, म्हणून वाळू जास्त टाकतात, पण ऊन वाढलं की मीठ येतंच आणि चामड्यावर पांढरे डाग पडतात. पांढरा व्हिनेगर आणि पाणी सम प्रमाणात घेऊन फडक्याने पुसा, कोरडं झाल्यावर मेण लावा. डाग राहिले तर चामडं ताठ होतं आणि शिवणीपाशी फुटतं.

(मनाली-सोलंगला चार दिवस जाणाऱ्यांनी हे सगळं विकत घेऊ नये. तिथे गमबूट भाड्याने मिळतात. फक्त लोकरी मोजे आपले न्यावेत, आणि रस्त्यावरच्या गोठलेल्या पट्ट्यांवर त्या पीव्हीसी तळावर विसंबू नये.)

चालण्याचं एक सांगतो, कारण चांगल्या बुटातही लोक पडतात. पावलं छोटी टाका, टाच आधी आपटू नका, पूर्ण तळवा एकदम टेकवा आणि अंगाचा भार पुढच्या पायावर ठेवा. हात खिशातून बाहेर, म्हणजे हातमोजेही चांगले हवेत. बसमधून उतरताना दांडी धरून आधी एक पाय टेकवून बघा. थांब्यावर बर्फ तुडवून तुडवून गुळगुळीत झालेला असतो.