धर्माबादसारख्या सीमेवरच्या तालुक्यात राहणं कसं असतं?

देशाची सीमा मराठवाड्याला कुठेच लागत नाही, पण तेलंगणाची हद्द नांदेड जिल्ह्यातल्या आमच्या धर्माबादला अगदी खेटून आहे. १९५६ पर्यंत दोन्ही बाजू हैदराबाद राज्यातच होत्या, त्यामुळे सोयरिकी आणि बाजार आजही हद्द मानत नाहीत. लेकराला पहिलं अक्षर गिरवायला पलीकडे बासरच्या सरस्वती मंदिरात नेतात. बाप मांडीवर घेऊन बसतो, पुजारी बोट धरून पाटीवर अक्षर काढून घेतात. मोंढ्यात लाल मिरची आली की हमाल, अडते, गिऱ्हाईक सगळ्यांनाच ठसका. मालाच्या भावाची बोलणी मराठीत सुरू होतात नि तेलुगूत पक्की होतात.

खरं दुखणं पाण्याचं. गोदावरीवरचा बाभळी बंधारा आमच्याच तालुक्यात, पण २०१३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार १ जुलै ते २८ ऑक्टोबर त्याची दारं उघडी ठेवावी लागतात. म्हणजे नदी भरून वाहते तेव्हा पाणी खाली तेलंगणातल्या पोचमपाड धरणात जातं, आणि दारं लागतात तोवर पाऊस सरलेला असतो. शिवाय १ मार्चला ०.६ टीएमसी (म्हणजे ६० कोटी घनफूट) पाणी पुन्हा खाली सोडायचं.

२०१८ पासून पलीकडच्या शेतकऱ्याला तेलंगणा सरकारच्या ‘रयतू बंधू’ योजनेचे एकरी पैसे मिळू लागले, तेव्हा इकडच्या काही गावांनी ‘आम्हालाही तेलंगणात घ्या’ अशी मागणी केली. लोकांना महाराष्ट्र नकोसा झालाय असं मला अजिबात वाटत नाही. रस्ता, पाणी, वीज मागून मागून ते थकले होते.

राहायला येणार असाल तर जुजबी तेलुगू शिकून या, बाजारात रोज लागेल.