टीएसएच नॉर्मल आला, तरी तपासणी तिथे थांबवू नका

ताई, तुमच्या वहिनींना बाळंतपणात खूप रक्तस्राव झाला, रक्ताच्या बाटल्या चढवल्या, अंगावर दूध आलंच नाही, आता बाळ दोन वर्षांचं झालं तरी पाळी नाही. आणि टीएसएच (थायरॉइडसाठीची नेहमीची रक्ततपासणी) नॉर्मल म्हणून ‘अशक्तपणा’ सांगून टॉनिक दिलंय. मला स्वतःला शीहान सिंड्रोम आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

गरोदरपणात मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी मोठी होते. अशा वेळी रक्त फार गेलं आणि बीपी कोसळलं, की तिचा रक्तपुरवठा तुटतो आणि पेशी मरतात. हॅरॉल्ड शीहान या इंग्रज पॅथॉलॉजिस्टने १९३७ साली हे मांडलं. पुढे थायरॉइड, अ‍ॅड्रिनल (मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी), बीजकोश सगळे धडधाकट असूनही त्यांना वरून हुकूमच येत नाही. टीएसएच हे पिट्युटरीचंच हार्मोन, त्यामुळे तीच आजारी असताना त्याचा आकडा नॉर्मल दिसू शकतो. त्याच्यासोबत फ्री टी४ (थायरॉइडचं स्वतःचं हार्मोन) बघायलाच हवा.

वहिनींना एकांतात एवढं विचारा: बाळंतपणाच्या वेळी काढलेले खालचे केस परत आले का? काखेतले? मला मे महिन्यात स्वेटर लागायचा, पण डॉक्टरांचे कान टवकारले ते या केसांच्या उत्तरावर. वरून हुकूम थांबला की हे केस परत येत नाहीत, पण बायका लाजेने हे सांगत नाहीत.

एंडोक्रायनॉलॉजिस्टकडेच (हार्मोनच्या डॉक्टरकडे) न्या. सकाळी आठचं कॉर्टिसोल (अ‍ॅड्रिनलचं हार्मोन), फ्री टी४, प्रोलॅक्टिन (दुधाचं हार्मोन), एफएसएच (बीजकोशांना हुकूम देणारं हार्मोन), सोडियम, आणि गरज वाटली तर ते पिट्युटरीचा एमआरआय सांगतील. ‘हे फार दुर्मिळ’ असं कुणी म्हणालं तरी मागे हटू नका. काश्मीर खोऱ्यातल्या, २००५ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत बाळंतपण झालेल्या सुमारे ३ टक्के बायकांत हा आजार असल्याचा अंदाज निघाला होता, आणि त्यातल्या बऱ्याचजणी घरीच बाळंत झालेल्या होत्या.

कळकळीने सांगते, कॉर्टिसोल तपासल्याशिवाय थायरॉइडची गोळी सुरू करू नका. कॉर्टिसोल कमी असताना ती गोळी जिवावर बेतू शकते. आधी हायड्रोकॉर्टिसोन (कॉर्टिसोलची गोळी), मग थायरॉक्सिन (थायरॉइडची गोळी), हाच क्रम. उपचार जन्मभराचे आहेत, पण गोळ्या साध्या आहेत आणि माणूस उभं राहतं.

आणि सासूबाईंना समजवा, अळीव-शतावरी नीट खाल्ली नाही म्हणून दूध आटलं असं नाही. दुधाचा हुकूम देणारं प्रोलॅक्टिनच तयार होत नसेल, तर त्यात त्या पोरीचा काय दोष?

तोवर उलट्या, ताप, चक्कर किंवा गुंगी आली, तर सकाळची वाट न बघता इमर्जन्सीत न्या आणि दारातच सांगा, ‘बाळंतपणात खूप रक्त गेलं होतं, कॉर्टिसोल कमी असू शकतं.’