विलिस्टनची लोकसंख्या दुप्पट झाली, तर तेथील सर्वच रहिवासी श्रीमंत झाले का?
सर्वच नाही. अमेरिकेच्या नॉर्थ डकोटा राज्यातील विलिस्टन या लहान शहराची लोकसंख्या २०१० च्या जनगणनेत १४,७१६ होती, ती २०२० मध्ये २९,१६० झाली. तेथील जमिनीखालच्या बाकेन नावाच्या खडकस्तरातील तेल आडव्या विंधनाने आणि उच्च दाबाच्या पाण्याने खडक फोडून काढता येऊ लागले, हे त्याचे मुख्य कारण. तेलविहिरींवरील कामगारांचे व ट्रकचालकांचे पगार झपाट्याने वाढल्यामुळे सरासरी उत्पन्न वर गेले, परंतु घरे अपुरी पडून भाडी इतकी कडाडली की निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या जुन्या रहिवाशांना, ज्यांच्या उत्पन्नाचा तेलाशी काहीही संबंध नव्हता, तेथे राहणेच जड जाऊ लागले. म्हणूनच अशा ठिकाणी सरासरीपेक्षा मध्यक उत्पन्न (निम्म्यांचे उत्पन्न ज्याहून कमी आणि निम्म्यांचे ज्याहून जास्त असते, तो आकडा) पाहणे मला अधिक योग्य वाटते. २०१४ च्या उत्तरार्धात तेलाचे भाव कोसळल्यावर रोजगार घटले आणि भाडीही उतरली. आकडे वाचताना आणखी एक बाब सहसा निसटते: अमेरिकेच्या जनगणनेत माणूस वर्षातील बहुतेक काळ जिथे राहतो तिथेच मोजला जातो, त्यामुळे कामगार-छावणीत काही आठवडे काढून टेक्सासला आपल्या घरी परतणारा मजूर विलिस्टनच्या लोकसंख्येत धरला जात नाही.