नॉरफोकमधला ऑक्टोबर फोटोत दिसतो तसा असतो का?

'इंग्लंडच्या खेड्यात शरद ऋतू प्रत्यक्षात कसा असतो? लहानपण तिथे गेलेल्या कुणी सांगेल का? फोटोत दिसतो तसा लालसोनेरी असतो का?' असं तुम्ही विचारलंय.

माझी लहानपणीची सहा-सात वर्षं पूर्व इंग्लंडातल्या नॉरफोक परगण्यातल्या एका खेड्यात गेली. वडील किंग्ज लिनच्या इस्पितळात डॉक्टर होते. त्या काळात भारतातून बरेच डॉक्टर तिकडच्या सरकारी आरोग्यसेवेत गेले, त्यांतले एक. पुढे आम्ही सांगलीला परत आलो. त्यामुळे मी सांगतेय ते मुख्यतः सत्तरच्या दशकाच्या अखेरीचं आणि ऐंशीच्या सुरुवातीचं आहे. अलीकडे तिकडे जाणं झालं तेव्हा जे बदललेलं दिसलं, तेही मध्येमध्ये येईल.

लालसोनेरी म्हणाल तर थोडाफार. डोळे दिपवणारे ते लाल फोटो बहुतेक अमेरिकेतल्या मेपलचे असतात. इंग्लंडात बीचची झाडं तांबूस होतात आणि ओक नोव्हेंबर उजाडला तरी अर्धवट हिरवा, अर्धवट तपकिरी असा उभा असतो. शिवाय आम्ही होतो तेव्हा डच एल्म रोगाची साथ होती; तिने देशभरातली अडीच कोटींहून जास्त एल्मची झाडं मारली. रस्त्याच्या कडेला ते वाळके सांगाडे बाराही महिने उभे असत, म्हणजे पानगळीची वाट बघायची गरजच नव्हती. नॉरफोक सपाट, आभाळ भलंमोठं, आणि खाली नांगरलेली जमीन. आमच्या ऑक्टोबरचा मुख्य रंग चिखलाचा.

तो चिखल यायचा बीटमधून. कोशिंबिरीतलं लाल बीट नव्हे, साखरेचं. पांढरट, मुळ्यासारखं निमुळतं, मुलाच्या एका हाताला जड वाटेल एवढं एकेक. सप्टेंबरच्या अखेरीला काढणी सुरू झाली की फेब्रुवारीपर्यंत चालायची. यंत्र बीट उपटायचं, पाला तिथेच शेतात टाकायचं, आणि रस्त्याकडेला बीटचे घराएवढे ढीग लागायचे. मग ट्रॅक्टर-ट्रेलर आणि लॉऱ्यांची रांग. अरुंद वळणावर प्रत्येक लॉरी दोन-चार बीट सांडून जायची आणि आम्ही शाळेतून येताना ती लाथा मारत घरापर्यंत आणायचो. रस्त्यावर चिखलाचा असा थर बसायचा की 'रस्त्यावर चिखल आहे' अशा पाट्या लावत. पाटीवरही चिखल.

सांगलीच्या माणसाला हे सगळं लगेच ओळखीचं वाटेल. गळीत हंगाम तो गळीत हंगामच. माझ्या वडिलांना पहिल्याच वर्षी साखर कारखान्याचा वास आला आणि ते गाडीची काच खाली करून बसले, असं आई सांगायची. पण वास आपल्या मळीसारखा नाही. उकडलेले बटाटे, ओली माती आणि कुठेतरी जळकट गोडसर काहीतरी. आमच्याकडचा माल किंग्ज लिनच्या आणि विसिंग्टनच्या कारखान्यांना जायचा. किंग्ज लिनचा कारखाना पुढे बंद पडला. विसिंग्टनचा अजून चालतो आणि युरोपातल्या सर्वांत मोठ्या कारखान्यांत धरला जातो. ब्रिटनमधला बीटसाखर उद्योग नॉरफोकमध्येच रुजला. कँटलीचा कारखाना १९१२ साली सुरू झाला, तोही अजून चालतो. बीटमध्ये साखर साधारण १७ टक्के असते, पण उसाची कांडी ओढून खातात तसं ते खाता येत नाही. मी एकदा चावून पाहिलंय. गोड लागतं, आणि मग घसा धरतो.

बीट निघून गेलं की शेतात उरलेल्या पाल्यावर गुलाबी पायांची रानहंसं उतरायची. आइसलँड आणि ग्रीनलँडहून सप्टेंबरच्या मध्यापासून येतात, रात्री वॉश खाडीच्या चिखलपट्टीवर बसतात आणि पहाट झाली की जेवायला आत शेतांकडे निघतात. शाळेला निघायच्या वेळी डोक्यावरून त्यांच्या लांबच लांब रेषा जायच्या. आवाज इतका की बोलणं थांबवावं लागे. त्या वेळी तरी त्यांची संख्या आजच्यापेक्षा खूप कमी होती; ती नंतर वाढली, आणि त्याला एक कारण हा बीटचा पालाच आहे. हे एक दृश्य मात्र फोटोत दिसतं त्याहून कितीतरी मोठं आहे.

आता कुंपणं. तिकडे शेतांच्या कडेला तारेऐवजी झुडपांच्या जुन्या दाट रांगा असतात. हॉथॉर्न, ब्लॅकथॉर्न, रानगुलाब, हेझल आणि या सगळ्यांवर चढलेली ब्लॅकबेरी. ही फळं कुणाच्याच मालकीची नसल्यासारखी, त्यामुळे मुलांची. ऑगस्टच्या शेवटापासून आम्ही आइस्क्रीमचे रिकामे डबे घेऊन निघायचो. सोबत वाकड्या मुठीची काठी हवीच, कारण उत्तम फळ नेहमी हाताच्या वर असतं. हात ओरबाडलेले, दात जांभळे, आणि डबा अर्धाच भरलेला.

याला मुदत होती. २९ सप्टेंबरला संत मायकेलचा दिवस; त्या दिवशी सैतानाला स्वर्गातून खाली ढकललं आणि तो ब्लॅकबेरीच्या काट्यांत पडला, म्हणून दर वर्षी त्या तारखेला तो फळांवर थुंकतो, अशी तिथली समजूत. काही जण ती तारीख १० ऑक्टोबर धरतात, कारण १७५२ साली इंग्लंडने पंचांग बदललं तेव्हा दिवस सरकले. आमच्या वर्गात यावरून चांगलीच भांडणं व्हायची: सैतान जुनं पंचांग पाळतो की नवं? खरं कारण साधं आहे. ऑक्टोबरात फळं पाणचट होतात, बुरशी धरतात आणि माश्या बसतात.

रानगुलाबाच्या लाल फळांचा उपयोग वेगळा. फळ फोडलं की आत बियांभोवती बारीक लव असते. ती पुढच्या बाकावरच्याच्या कॉलरमधून आत सोडायची. पुढचा तास त्याचा नाचण्यात जातो. याच फळांचं सरबत दुसऱ्या महायुद्धात देशभर मुलांना पाजलं, कारण संत्री येणं बंद झालं होतं आणि यात क जीवनसत्त्व भरपूर. फळं गोळा करायला शाळेतल्या मुलांबरोबर गावोगावच्या बायकाही होत्या. आमच्या शेजारच्या म्हाताऱ्या बाई त्या गोळा करणाऱ्यांतल्या. घरात आम्ही त्यांना शेजारच्या आजी म्हणायचो, समोर अर्थातच मिसेस अमुक.

या आजींशी आईची गट्टी जमली ती कच्च्या टोमॅटोवरून. इंग्लंडात सप्टेंबर संपला की झाडावरचे उरलेले टोमॅटो पिकतच नाहीत. घरोघरी हिरव्या टोमॅटोंचे ढीग. त्या बाई व्हिनेगर, साखर, कांदे आणि बेदाणे घालून त्याची चटणी शिजवायच्या. दिवसभर. घराबाहेरूनही डोळ्यांत पाणी यायचं. आईने तेच टोमॅटो नेले, दाण्याचं कूट, गूळ आणि हिरवी मिरची घालून अर्ध्या तासात भाजी करून एक वाटी परत पाठवली. आजींनी ती टोस्टवर घालून खाल्ली आणि नंतर दर वर्षी टोमॅटोंची टोपली आपण होऊन आमच्या दारात यायची. गूळ लंडनहून यायचा, म्हणून आई तो फार जपून वापरायची. या भाजीसाठी हात सैल सोडायची.

काँकरबद्दल लिहिल्याशिवाय हे उत्तर पुरं होणार नाही. हॉर्स चेस्टनटचं फळ. काटेरी हिरवं कवच, आत पॉलिश केल्यासारखी तपकिरी बी. खायची नाही, विषारी असते. बीला मधोमध भोक पाडायचं, बुटाची नाडी ओवायची, खाली गाठ. एकाने आपली बी नाडीने लोंबती धरायची, दुसऱ्याने आपली फिरवून तिच्यावर हाणायची. फुटेल तो हरला. हिशेब महत्त्वाचा: हरलेल्याचे आधीचे सगळे विजय जिंकणाऱ्याच्या खात्यात जमा, वर एक नवा. त्यामुळे तीन विजयवाल्याला हरवलं की एकदम चार. आमच्या वर्गात एकाचे म्हणे शंभरावर होते. साक्षीदार कुणीच नाही.

फसवाफसवी भरपूर. व्हिनेगरमध्ये भिजवणं, भट्टीत भाजणं, गेल्या वर्षीची वाळून दगड झालेली बी यंदा काढणं. मोठी माणसंही यात मागे नाहीत. नॉर्दम्प्टनशरमध्ये १९६५पासून काँकरची जागतिक स्पर्धा भरते. वाईट हवेमुळे मासेमारीला जाता आलं नाही म्हणून काही मंडळी काँकर खेळत बसली, तिथून ती सुरू झाली. २०२४ साली पुरुषांच्या गटात जिंकलेल्या ८२ वर्षांच्या आजोबांच्या खिशात स्टीलचा काँकर सापडला आणि देशभर बातम्या झाल्या. चौकशीत ते निर्दोष ठरले. गंमत म्हणून जवळ ठेवला होता म्हणे. मला त्यांचं पटतं, आणि नाहीही.

'आता शाळांत बंदी आहे, गॉगल लावून खेळावं लागतं' असं तुम्ही कुठेतरी वाचाल. तिथल्या आरोग्य-सुरक्षा खात्याला २००७ साली जाहीर सांगावं लागलं की असा आमचा कुठलाही नियम नाही. झाडांचं दुखणं मात्र खरं आहे. २००२ साली पान पोखरणारा एक पतंग ब्रिटनमध्ये पोचला आणि आता हॉर्स चेस्टनटची पानं ऑगस्टमध्येच करपल्यासारखी तपकिरी दिसतात.

चर्चमधला सुगीचा सोहळा शाळेतर्फे व्हायचा. अवाढव्य भोपळकाकड्या, गव्हाच्या पेंडीच्या आकाराचा पाव, आणि उरलेलं सगळं डबाबंद. आमच्या घरून दर वर्षी मटारचा डबा. नंतर ते खोक्यांत भरून आम्ही मुलं गावातल्या म्हाताऱ्या माणसांना वाटून यायचो. शेजारच्या आजींनी एकदा स्वतः चर्चला दिलेला पीचचा डबा त्यांच्याच खोक्यात परत आला. त्या हसल्या आणि पुढच्या वर्षी पुन्हा तोच दिला.

ऑक्टोबरच्या अखेरच्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात आणि खेळ खलास. साडेचारला सूर्य मावळलेला. वारा समुद्रावरून येतो. तिथले लोक म्हणतात हा वारा आळशी आहे, वळसा घालून जायचा कंटाळा म्हणून माणसाच्या आरपार जातो. पण याच आठवड्यात दुकानात फटाके यायचे, ५ नोव्हेंबरसाठी. १६०५ साली पार्लमेंट उडवण्याचा कट फसला त्याची ही आठवण. कट करणाऱ्यांतल्या गाय फॉक्सचा कागद कोंबलेला पुतळा मुलं हातगाडीवर घेऊन पैसे मागत फिरायची आणि रात्री शेकोटीवर तो जाळायची. आमची दिवाळी याच सुमारास पडायची, त्यामुळे आईला फुलबाज्या आणि भुईचक्रं सहज मिळायची. दिवाळी लवकर आली तर पंचाईत. मग नुसत्या पणत्या, त्याही वाऱ्याने विझणाऱ्या. आताच्या कायद्यात दिवाळीच्या आधी फटाके विकायला वेगळी मुभा आहे आणि दिवाळीच्या रात्री एक वाजेपर्यंत उडवता येतात. तेव्हा हॅलोविनला भोपळे नव्हते, आम्ही बीटच कोरायचो. चमचे वाकायचे.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या रविवारी, युद्धात मेलेल्या सैनिकांच्या आठवणीत, पॉपीचं कागदी लाल फूल लावून गावच्या युद्धस्मारकापाशी उभं राहायचं. त्या दगडावरची आडनावं आणि वर्गातल्या हजेरीतली आडनावं बरीचशी एकच होती. एवढ्याशा गावातून इतकी माणसं. साताऱ्याकडे काही गावांत त्याच पहिल्या महायुद्धाच्या पाट्या मी पुढे पाहिल्या. या गावातून इतके गेले, इतके मेले, एवढंच. नुसते आकडे, नावं नाहीत. इंग्लंडातल्या त्या दगडाची आठवण मला तिथे आली, आणि रागही.

काही गोष्टी आता दिसणार नाहीत. कापणीनंतर धसकटं पेटवून द्यायचे. वाळत घातलेल्या कपड्यांवर काळी राख पडायची आणि आई चिडायची. १९९३पासून त्याला बंदी आहे. घरोघरी पोत्याने येणारा कोळसाही बंद झाला. त्याची मला हळहळ वाटत नाही.

जाणार असाल तर दोन वेगळे आठवडे धरा. काँकर आणि शेवटच्या ब्लॅकबेरी हव्यात तर सप्टेंबरची अखेर. पण सैतानाची तारीख बघून. हंस बघायचे तर नोव्हेंबरात वॉश खाडीकाठच्या स्नेटिशमला, उजाडायच्या आधी पोचा आणि भरतीचं वेळापत्रक तपासा. गमबूट इथून नेऊ नका, तिथल्या शेतीसामानाच्या दुकानातून घ्या. आपल्याकडचे पावसाळी बूट त्या बीटच्या चिखलात पायातून निघून मागेच राहतात.